काळी मोजली, पांढरी राहिली: गावात घर-जागा पाहण्याचा इतिहास

देशावरच्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. नावे मातीच्या रंगावरून पडली. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, चुना आणि पडक्या भिंतींची माती साचत गेली की ती जागा भोवतालच्या काळ्या रानात पांढुरकी दिसू लागते. उजाड झालेल्या वस्त्यांची टेकाडेही लोक याच नावाने ओळखतात, आणि दख्खनमधल्या प्राचीन वसाहतींचा माग काढणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना अशा टेकाडांनी वेळोवेळी वाट दाखवली आहे. दुसऱ्या गावी राहायला जाऊ पाहणाऱ्या माणसाला काळी आणि पांढरी दोन्ही पाहावी लागे, पण पाहण्याची रीत एक नव्हती. काळी पाहायची ती उत्पन्नासाठी. पांढरी पाहायची ती गाव आपल्याला आत घेते आहे की नाही हे कळण्यासाठी.

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात घर विकत घेऊन पाहण्याची गोष्टच नाही. ते साहजिक आहे. खेड्यातले घर हा बराच काळ सुटा विकण्याचा माल नव्हता. पाटीलकी, कुलकर्ण किंवा मिराशीची जमीन एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जाई, तेव्हा तिच्या पोटात बरेचदा घरवाडाही जाई. नवा माणूस आला तर तो जागा मिळवून स्वतः घर बांधी. त्यामुळे मराठेशाहीतल्या माणसाने गाव पाहिले म्हणजे त्याने भिंती आणि आढी पाहिली असे नव्हे. आपल्याला त्या गावात कोणता दर्जा मिळणार, याची तो चौकशी करी.

हा दर्जा मुख्यतः दोन प्रकारचा असे. मिरासदार म्हणजे वंशपरंपरागत हक्काने जमीन कसणारा. सारा भरत असेतोवर त्याला कोणी हलवू शकत नसे, आणि ती जमीन त्याला गहाण ठेवता किंवा विकता येई. त्याचे जुने नाव थळकरी. थळ म्हणजे मूळ घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा जमिनीचा तुकडा, आणि अशा थळांच्या यादीला थळझाडा म्हणत. दुसरा प्रकार उपरीचा. तो सरकारी किंवा गतकुळाची, म्हणजे धनी न उरलेली, जमीन मुदतीने कसायला घेई आणि मुदत संपली की गाव सोडूनही जाई. आजच्या मराठीत ‘उपरा’ या शब्दाला जी बोच आहे ती इथून आलेली दिसते. पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात या मिरासदारांची बरीच दखल घेतली आहे. जमिनीचा धनी राजाच, असे गृहीत धरून आलेल्या इंग्रजी अधिकाऱ्यांना शेतकऱ्याजवळ विकण्याजोगा हक्क आढळला, ही गोष्ट त्यांच्या कारभाराच्या दृष्टीने मोठी होती.

उपऱ्याचा मिरासदार होण्याला वाट होती. गतकुळाची जमीन पाटील आणि गावकरी मिळून नव्या माणसाला मिराशीने देत, मोबदला घेत आणि मिरासपत्र लिहून देत. व्यवहाराला किंवा तंट्याला पुरावा म्हणून गोत, म्हणजे गावकऱ्यांची सभा, बसे आणि महजर, म्हणजे तिचा लेखी निर्णय, होई. त्यावर पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. लिहिता न येणाऱ्या माणसाची सही म्हणून या खुणांकडे पाहण्याची सवय आहे, पण त्यांचे काम त्याहून मोठे होते. पुढे कधी तंटा झाला तर ज्यांच्या तोंडून साक्ष निघायची, त्यांचीच ही यादी. जमीन पाहायला आलेल्याने या माणसांना भेटणे म्हणजे आजच्या भाषेत मालकी हक्काचा शोध घेणे. कागद होता, पण तो गावाच्या आठवणीला आधार म्हणून.

दुष्काळ आणि स्वाऱ्यांनी ओस पडलेल्या मुलखात उलटा प्रकार चाले. तिथे माणूस गाव शोधत नसे, गाव माणूस शोधत असे. नव्या कुळांना कौल दिला जाई: इतकी वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, मग दरसाल चढता, आणि काही वर्षांनी पुरा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. सतराव्या शतकात पुणे प्रांत उजाड झाल्यावर दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली तो अशाच सवलतींनी पुन्हा वसवला गेला. तेव्हा सोन्याचा नांगर फिरवल्याची कथा सर्वांनी ऐकलेली असते, पण रयत परत आणण्याचे रोजचे काम या इस्ताव्याच्या कलमांनी केले. ‘कौल’ हा शब्द घराच्या बाबतीत तीनदा भेटतो. सरकार जमीन देते तो कौल, कोकणात ग्रामदेवतेला फुले किंवा तांदूळ लावून विचारतात तो कौल, आणि घरावर शाकारतात तेही कौल. पहिल्याशिवाय जागा नाही, दुसऱ्याशिवाय बांधायला कोकणी माणसाचा हात धजत नाही, तिसऱ्याशिवाय पावसाळा निघत नाही.

आत घेण्याची ही रीत सर्वांना सारखी नव्हती, आणि हे मागे ठेवून गावच्या घराचा इतिहास सांगता येणार नाही. पांढरीत कोणाचे घर कोणत्या बाजूला असावे हे जातीने ठरलेले असे. गावकुसाच्या आत पाटील, कुलकर्णी, कुणबी आणि बहुतेक बलुतेदारांच्या आळ्या असत. महार, मांग यांच्या वस्त्या कुसाबाहेर असत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात महसूल खात्यात काम केलेल्या माणसाच्या नजरेतून ही सारी मांडणी तपशिलाने आली आहे. कुसाबाहेरच्या माणसाला कितीही पैसा जमला तरी आतली जागा ‘पाहता’ येत नसे. तो पाहायला निघाला तर तेच भांडणाचे कारण होई. त्याच्याकडची जमीनही बहुधा वतनी असे, म्हणजे गावकीच्या कामाशी बांधलेली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले ते ही बांधणी तोडण्यासाठी. वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८चा कायदा यावा लागला. अशा जमिनींच्या उताऱ्यावर ‘नवीन शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द आजही दिसतात आणि परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. गावकीच्या त्या बांधणीची एवढी खूण सरकारी कागदावर उरली आहे.

जागेची प्रत्यक्ष पारख करण्याचे शास्त्रही जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येच्या प्रकरणात एक साधी परीक्षा दिली आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा पाण्याची: खड्डा पाण्याने भरायचा, शंभर पावले जाऊन परत यायचे, आणि पाणी किती उतरले ते पाहायचे. पहिलीने माती किती घट्ट बसलेली आहे ते कळते, दुसरीने ती पाणी किती पिते ते. पाया घालणाऱ्याला याच दोन गोष्टी हव्या असतात. त्याच प्रकरणात कोणत्या रंगाची माती कोणत्या वर्णाला, हेही सांगितले आहे, आणि तिथे परीक्षा संपून समाजरचना सुरू होते. भूमिगत पाण्यावर ‘दकार्गल’ नावाचे वेगळे प्रकरण आहे. त्यात उंबर, जांभूळ यांसारखी झाडे आणि वारुळे यांच्यावरून पाणी कोणत्या दिशेला आणि किती पुरुष खोल लागेल याचे ठोकताळे आहेत. खेड्यांतले पाणाडे आजही झाडे, वारूळ, खडकाचा उतार पाहतात. हातातल्या नारळाने किंवा कडुनिंबाच्या फांदीने पाणी दाखवण्याला शास्त्रीय आधार सापडलेला नाही. मात्र जुना पाणाडी शेजारच्या दहा विहिरींची खोली तोंडपाठ ठेवून असतो, आणि त्याचे यश बहुधा त्या पाठांतरात असते.

पाण्यापाठोपाठ वाट. जमीन चांगली आणि विहीर भरलेली असली तरी बैलगाडी बांधापर्यंत पोचत नसेल तर सौदा फुकट. गावाची पाणंद कुठून कुठे जाते, गाडीवाट कोणाच्या शेतातून आहे, ती बारमाही आहे की पेरणी झाली की बंद, हे शेजाऱ्याला विचारूनच कळे. विहिरीतला हिस्सा तर आण्यांत सांगितला जाई. ‘चार आणे विहीर’ म्हणजे चौथा हिस्सा, आणि त्यानुसार मोटेची पाळी. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्यात वाट किंवा पाणी अडवल्यास मामलेदाराकडे दाद मागण्याची तरतूद आहे. तिच्या आधाराने आजही तहसीलदारापुढे दावे चालतात. शेतजमिनीच्या तंट्यांत वाटेचा तंटा जितका चिवट, तितका क्वचितच दुसरा कुठला असेल.

मोजणीचा इतिहास हा काळीचा इतिहास आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या वेळी जमीन काठीने मोजली गेली. काठी पाच हात आणि पाच मुठींची, वीस काठ्या लांब आणि तेवढाच रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. इंग्रजी अमलात पहिला मोठा प्रयत्न पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगलने १८२०च्या दशकाच्या अखेरीस केला. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवण्याचा त्याचा हिशोब लंडनच्या अर्थशास्त्रातून आलेला होता. आकार फार चढा बसला आणि लोकांनी जमिनी टाकल्या. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले आणि तीस वर्षांसाठी ठरावीक सारा लावला. पुढे मुंबई इलाखाभर हीच पद्धत पसरली. तिच्या सोबत तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली शंकूसाखळी गावोगाव फिरली. गुंठा म्हणजे या साखळीचा एक चौरस, ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज पुण्या-मुंबईचा माणूस ‘पाच गुंठे बघतोय’ म्हणतो, तेव्हा तो नकळत याच साखळीने बोलत असतो.

सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले, आणि जमीन पहिल्यांदा गावाबाहेरच्या माणसाला कागदावरून ‘दिसू’ लागली. यातून एक नवाच खरेदीदार उभा राहिला. त्याला राहायचे नव्हते, गावातल्या दर्जाची पर्वा नव्हती. त्याला तारण हवे होते. या रयतवारी पद्धतीत खातेदाराला जमीन विकता येऊ लागली आणि दिवाणी न्यायालये हुकूमनामे देऊ लागली, तशा सावकाराच्या नावावर जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उठलेला उद्रेक पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. दंगलखोरांचा मुख्य राग कागदावर होता. रोखे, खतावण्या, कर्जाचे दस्त शोधून त्यांनी जाळले, आणि बहुतेक ठिकाणी कागद हाती आल्यावर पुढे काही केले नाही. १८७९चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा त्यानंतर आला. मिरासपत्राच्या काळात गावाच्या आठवणीला कागद टेकू होता. आता कागद गावाला न विचारता बोलू लागला होता, आणि सुप्याने त्यालाच पेटवले.

खरेदीचे आजचे नियम याच दशकांत घडले. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी असे सांगतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळला नसता असा मिळकतीतला किंवा हक्कातला मोठा दोष विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवा. ‘सर्वसाधारण काळजी’ या शब्दांत खरेदीदाराचे पाहणे आले. वाळवीने पोकळ झालेली तुळई डोळ्यांना दिसत असेल तर नंतर तक्रार चालत नाही. मागच्या पिढीतला लपवलेला वाटेकरी दिसत नाही, म्हणून तो सांगावा लागतो. पुढे मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात आल्या. गावनमुन्यांची मालिका ठरली. नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्कपत्रक, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेउतारा. सात आणि बारा एका कागदावर आले आणि मराठी भाषेला ‘सातबारा’ हा शब्द मिळाला, जो आता ‘तुझ्या नावावर सातबारा आहे का’ असा दुसऱ्या अर्थानेही चालतो.

या सगळ्या धडपडीत पांढरी मात्र राहून गेली. कारण अगदी सरळ आहे. गावठाणातल्या घरांवर जमीन महसूल नव्हता, आणि ज्यावर सारा नाही ते कशाला मोजायचे? त्यामुळे गावाच्या नकाशावर शेताचा प्रत्येक बांध आखला गेला, आणि मधोमध गावठाण म्हणून एक कोरा तुकडा उरला, जणू तिथे कोणी राहतच नाही. पुढे दोन हजारांहून अधिक वस्तीच्या काही गावठाणांची नगर भूमापनाच्या धर्तीवर मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या. बाकीच्या हजारो गावांत घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीही खेड्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे त्याच पावतीवर उभी राहिली. म्हणून गावातले घर पाहायला गेलेल्या माणसाला विसाव्या शतकातही चतुःसीमा विचारत फिरावे लागे: पूर्वेला कोणाची भिंत, पश्चिमेला बोळ कोणाचा, पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, परसातला उकिरडा कोणाच्या वहिवाटीचा. या उत्तरांचा कागद नव्हता, माणसे होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत काळीवरचे कायदे झपाट्याने आले. १९४७चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा, १९४८चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९चा खोती रद्द करणारा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कुळे कायद्याने मालक मानली गेली. विदर्भाला आणि हैदराबाद राज्यातून आलेल्या मराठवाड्याला वेगळे कुळकायदे होते, पण दिशा तीच. घर-जमीन पाहणाऱ्यासाठी यातले सर्वांत महत्त्वाचे कलम ६३ आहे: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सावकाराच्या हातून जमीन सोडवण्यासाठी आखलेली ही रेषा आज शहरातल्या निवृत्त कारकुनाला आडवी येते. गावठाणातले घर त्याला घेता येते, घरामागचे वावर घेता येत नाही. काळी आणि पांढरी यांच्यातला जुना फरक असा उलटा होऊन परत आला. पूर्वी पांढरीत शिरणे अवघड होते. आता काळी अवघड आणि पांढरी मोकळी.

एकत्रीकरणाने आणखी एक गुंता झाला. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर एकत्र आलेले तुकडे प्रत्यक्षात भावांनी जुन्याच बांधांप्रमाणे कसले, म्हणून कित्येक गावांत उताऱ्यावरचा माणूस एका शेतात आणि नांगर दुसऱ्याच शेतात. जाणता माणूस म्हणून सातबाऱ्यावर थांबत नाही. तो जुना फेरफार, गटवारीचा तक्ता, टिपण आणि आकारबंद मागतो आणि मोजणी आणतो. वारसांचा प्रश्नही मोठा झाला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सा मिळू लागला, आणि २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. तोवर भावांच्याच नावाने चाललेल्या उताऱ्यांत बहिणींची नावे आली. इसार देण्याआधी लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या घरी जाऊन चहा पिणे ही आता खरेदीची एक पायरी आहे. कोकणात या यादीत मुंबईतले चुलते, पुतणे आणि त्यांची मुले येतात, आणि दहा गुंठ्यांच्या ठिकाणावर तीस-चाळीस नावे सहज भरतात.

कोकणातले पाहणे तसेही वेगळे. तिथे पांढरी एकवटलेली नाही. घर आपापल्या ठिकाणात, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, मागे माडपोफळीचे आगर, एका कोपऱ्यात बाव. खोतीच्या काळात अशी जागा पाहणारा खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, मर्जीवर अवलंबून असे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या मंगलोरी कौलांनी पुढच्या काळात पेंढ्याची आणि नळीच्या कौलांची छपरे मागे सारली. जुने घर पाहायला गेलेला कोकणी माणूस आधी वर बघतो: कौले कोणत्या छापाची, वासे कशाचे, कोने सुटले आहेत का. चिऱ्यांच्या भिंती पावसात भिजल्या तरी टिकतात, पण छप्पर एक पावसाळा उघडे राहिले तर घर गेले.

दक्षिणेला गोव्यात पाहण्याचे नियम पोर्तुगीज कायद्याने बदलले. गावकारीची सामाईक जमीन कोमुनिदाद या ग्रामसंस्थेकडे राहिली. १८६७च्या नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मिळकत बहुधा सामाईक असल्याने, विकणाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदाराची सही पाहावी लागते. सातबाऱ्याच्या जागी तिथे एक-चौदाचा उतारा आहे. घराच्या आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा माणूस, असेल तर १९७५च्या कायद्याने त्याला हुसकावता येत नाही, म्हणून जुना पोर्तुगीज बंगला पाहताना परसातल्या लहान घरात कोण राहते हे आधी विचारले जाते.

देशावर आणि मराठवाड्यात घर खणांत सांगतात: पाच खणी, सात खणी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर पाहणारा ओसरी, सोपा, माजघर ओलांडून परसापर्यंत जाई, भिंतीतले बळद आणि जमिनीतले पेव उघडून ओल तपासी, आणि खांबाच्या बुडाशी सुरी खुपसून वाळवी पाही. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माळवदाची घरे होती. तुळयांवर किलच, त्यावर पांढरी माती चोपून केलेले सपाट छप्पर. ही माती पाणी धरत नाही म्हणून ती पांढरीच्या टेकाडांतून आणत, आणि दर उन्हाळ्यात नवा थर चढे. असे थर जाड होत गेले. खाली दगड-मातीच्या रुंद भिंती, आतली आणि बाहेरची फळी एकमेकींत न गुंतवलेली. पाहणाऱ्याला जाड भिंत म्हणजे मजबूत घर वाटे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि याच मातीखाली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी उभारली गेली. आधी गावकऱ्यांनी नवी जागा पाहिली, मग सरकारी नकाशातल्या सरळ रस्त्यांत आपली आळी शोधली. दुरुस्ती केलेल्या घरांत भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालण्याची रीत त्यानंतर गवंड्यांच्या अंगवळणी पडली.

स्वेच्छेने नव्हे तर धरणामुळे जागा पाहत फिरलेल्यांची संख्या मोठी आहे. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला तो नवी जागा पाहायला जाण्याची वेळच येऊ नये म्हणून. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांतले लोक सांगली, सोलापूर, ठाणे, कुलाबा अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठवले गेले. डोंगरातल्या भात-नाचणीच्या माणसाला काळ्या जमिनीचे रान दाखवले गेले, आणि ज्वारीच्या गावाने त्याला बराच काळ धरणग्रस्तच म्हटले. नाव वेगळे, दर्जा उपरीचाच. १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि नव्या गावठाणात कोणत्या सोयी असायला हव्यात याची यादी पुढे शासनाने ठरवली. ते पाहणे म्हणजे त्या यादीवर खूण करत जाणे.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि २००२ पर्यंत पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग सुरू झाला. त्यानंतर मावळ, मुळशी, वाई, कर्जत, अलिबाग इकडे शनिवार-रविवारी जमीन पाहायला जाणारी मोटार दिसू लागली. तिच्यासोबत नवे मध्यस्थ, नवी भाषा आली: एनए प्लॉट, कलेक्टर मंजुरी, फार्महाऊस. वर्षानुवर्षे सर्वांत जास्त फसवणूक झाली ती लहान तुकड्यांत. तुकडेबंदीमुळे एक-दोन गुंठ्यांचा दस्त होत नसे, म्हणून दहा जणांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक चढवून जागेवर दोरी लावून वाटणी केली जाई. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे ठरवले गेले. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या काढता येऊ लागला आणि तलाठ्याकडची फेरी वाचली. इतर हक्काचा रकाना, बोजा, कुळाची नोंद आता जागा पाहायला निघण्याआधीच वाचता येते.

पांढरीची मोजणी मात्र सर्वांत शेवटी आली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागासोबत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढली जाते. ती ओढताना भूकरमापक, ग्रामसेवक, सरपंच आणि दोन्ही बाजूंचे शेजारी उभे असतात. जिथे दोन शेजारी एका रेघेवर येत नाहीत तिथे वादाची नोंद होते आणि चौकशी चालते. जिथे येतात तिथे छायाचित्र निघते, त्यावरून नकाशा होतो, आणि घरमालकाच्या नावाने सनद आणि मिळकत पत्रिका तयार होते.